चारीवरची दुर्बीण

मी आठवीत होते तेव्हा जळगाव जिल्ह्यातल्या आमच्या शिवारात हतनूर कालव्याच्या चाऱ्यांची, म्हणजे शेतापर्यंत पाणी नेणाऱ्या लहान कालव्यांची, आखणी चालू होती. शाळेतून घरी येताना बांधावर तीन पायांवर उभे केलेले एक काळे-पितळी यंत्र दिसे, त्याच्यामागे एक डोळा मिटून वाकलेले एक गृहस्थ दिसत आणि दूर शेतात आकडे लिहिलेली उंच पट्टी धरून उन्हात उभा राहिलेला एक गडी दिसे. आम्ही मुले लांबूनच पाहत असू. एके दिवशी मी धीर करून जवळ जाऊन उभी राहिले, तेव्हा त्या गृहस्थांनीच हाक मारली, "ये माय, बघ यातून." मी डोळा लावला आणि दचकून मागे सरले, कारण तो गडी, त्याच्यामागची केळीची बाग आणि सातपुड्याची रांग, सारे काही उलटे टांगलेले होते. ते हसले. या भिंगातून चित्र उलटेच पडते, पट्टीवरचे आकडेही उलटेच वाचायचे आणि सवय झाली की ते उलटे वाटेनासे होते, असे त्यांनी सांगितले. मग वहीत एक आकडा लिहून त्यातून मागचा आकडा वजा करत ते म्हणाले की, समोरचा बांध या जागेपेक्षा हातभर खाली आहे, तेव्हा पाणी आपल्या पायांनी तिकडे जाईल.

वजाबाकी मला दुसरीपासून येत होती. वजाबाकी करून पाणी कुठे जाईल हे सांगता येते आणि ते सांगण्याबद्दल माणसाला पगार मिळतो, हे मला त्या संध्याकाळी पहिल्यांदा कळले. घरी येऊन मी आप्पांना विचारले की, ते दुर्बीणवाले कोण आहेत. "सरकारी माणूस असेल," आप्पा म्हणाले आणि विषय तिथेच संपला. त्या कामाला काय म्हणतात, ते शिकायला कुठे जावे लागते, मुलगी ते करू शकते का, यांपैकी एकही प्रश्न मी त्या गृहस्थांना विचारला नाही. पुढच्या आठवड्यात ते यंत्र पुढच्या गावाच्या शिवारात गेले.

मी शिक्षिका झाले. याचे कारण विचाराल तर तोवर महिन्याच्या महिन्याला पगार घेणाऱ्या दोनच बायका मी जवळून पाहिल्या होत्या, एक शाळेतल्या बाई आणि दुसऱ्या उपकेंद्रातल्या सिस्टर. रक्त पाहिले की मला भोवळ येत असे, त्यामुळे उरलेला पर्याय आपोआप ठरला. मला या नोकरीबद्दल खंत नाही. गणित आणि विज्ञान शिकवण्यात माझी तीस वर्षे चांगली गेली आणि आता निवृत्ती जवळ आली आहे. पण वयाच्या चाळिशीत एकदा दहावीच्या मुलांना घेऊन मी एका आयटीआयमध्ये गेले होते, तिथे भिंतीवरच्या ट्रेडच्या यादीत फिटर, टर्नर, वायरमन, वेल्डर यांच्याखाली 'सर्व्हेअर' असा शब्द होता. त्या फलकासमोर मी इतका वेळ उभी राहिले की, मुले वर्कशॉप पाहून परत आली.

म्हणूनच किशोरवयीन मुलांना शाळेत असतानाच निरनिराळी कामे दाखवावीत, या विषयावर मी गेली काही वर्षे हट्टाने बोलते आणि जमेल तेवढे करतेही. मूल आपले भविष्य पाहिलेल्या कामांतून निवडते. ऐकलेल्या कामांची नावे त्याला पाठ असतात, पण त्या नावांच्या पलीकडे त्याला काहीच दिसत नसते.

दर वर्षी जूनअखेरीस, नवी आठवी जरा स्थिरस्थावर झाली की मी अर्धा कागद वाटून दोन प्रश्नांची उत्तरे लिहायला सांगते: तुला कोण व्हायचे आहे, आणि ते काम करणारा माणूस सकाळी उठल्यापासून काय काय करतो. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिनिटभरात येते. पोलीस, मिलिटरी, डॉक्टर, इंजिनिअर, तलाठी, शिक्षक, कलेक्टर आणि गेल्या काही वर्षांत यूट्यूबर. काही मुले नुसतेच 'यूपीएससी' असे लिहितात, जणू ते पदाचेच नाव आहे. दुसऱ्या प्रश्नापाशी मात्र पेन थांबतात. 'कलेक्टर सकाळी उठून सह्या करतात', 'इंजिनिअर कंपनीत जातो आणि संध्याकाळी येतो', 'डॉक्टर सुई देतात', यापुढे फारसे कोणी जात नाही. एका वर्षी एका मुलाने जेसीबी ऑपरेटर असे लिहिले आणि वर्ग हसला, पण दुसऱ्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर त्या एकट्यानेच दिले होते: आधी मशीनला ग्रीस द्यायचे, डिझेल आणि हायड्रॉलिक ऑईल बघायचे, मग शेतमालकाशी तासाचा भाव ठरवायचा आणि विहिरीच्या काठापासून किती लांब राहायचे ते पाहून मशीन लावायचे. त्याचा मामा ऑपरेटर होता आणि सुट्टीत हा त्याच्याबरोबर केबिनमध्ये बसत असे.

हे फक्त आपल्याकडेच आहे असे नाही. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेने पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्यांसाठी अनेक देशांत होणाऱ्या 'पिसा' या चाचणीच्या २०१८ च्या फेरीच्या आधारे २०२० मध्ये एक अहवाल काढला. तिशीत आपण कोणते काम करत असू या प्रश्नाला ४१ देशांतल्या मुलग्यांपैकी ४७ टक्क्यांनी आणि मुलींपैकी ५३ टक्क्यांनी केवळ दहा लोकप्रिय व्यवसायांपैकी एकाचे नाव घेतले होते. त्या चाचणीत भारत नव्हता. आमच्या आठवीचे कागद त्या अहवालात घातले असते तर दहा व्यवसायांचीही गरज पडली नसती, आठांत भागले असते.

आणि हे सारे कुठे, तर आमच्या या पट्ट्यात, जिथे एसटीने तासाभराच्या अंतरात शंभर प्रकारची कामे चालतात. दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या मुलांना रोज लांबून दिसतात. भुसावळला रेल्वेचे जंक्शन आहे, विद्युत इंजिनांचा शेड आणि कारखाना आहे. भुसावळला आणि वरणगावला आयुध निर्माणी आहेत. जळगावला डाळ मिल, प्लॅस्टिकच्या चटया, पीव्हीसी पाइप, ठिबकचे कारखाने आणि सोन्याची बाजारपेठ आहे. यांतले प्रत्येक काम कंपाउंडच्या भिंतीमागे, गेटच्या आत किंवा काउंटरच्या पलीकडे चालते. आमच्या आजोबांच्या काळी सुतार, लोहार, कुंभार, शिंपी भर गल्लीत बसून काम करत आणि पोरे तासन्‌तास तिथे उकिडवी बसून पाहत. कामे वाढली तशी ती भिंतींआड गेली आणि मुलांच्या नजरेला रिकामा रस्ता तेवढा उरला.

सुरुवात मी अगदी घरच्या गोष्टीपासून केली. आमच्या वर्गातल्या निम्म्याहून अधिक मुलांच्या घरी केळी आहे, किंवा घरचे कोणी ना कोणी केळीत मजुरीला जाते, त्यामुळे मी फळ्यावर मधोमध केळीचा एक घड काढला आणि हा घड दिल्लीच्या गाड्यावर पोहोचेपर्यंत किती माणसांचे हात लागतात ते सांगा, असे म्हटले. सुरुवातीला शेतकरी, मजूर, कटाईवाले, ट्रकवाला आणि व्यापारी अशी पाच नावे आली आणि वर्ग थांबला. मग एकेक प्रश्न टाकत गेले. रोप कुठून आले? ठिबकची नळी शेतात कुठून कशी न्यायची याचा नकाशा कोणी काढला? पाच बाय पाच फुटांवर लावली तर एकरात किती खोडे बसतील? (उत्तर १,७४२ येते. हे गणित मुलांनी पुस्तकातल्या कोणत्याही उदाहरणापेक्षा अधिक मन लावून सोडवले, कारण इथे शेतीची ऐपत एकरांपेक्षा खोडांत मोजतात.) पानावर करपा आला तर तो करपाच आहे हे कोण ओळखतो? विम्याची भरपाई ज्या हवामान केंद्राच्या आकड्यांवर ठरते, ते केंद्र कोण सांभाळतो? रायपनिंग चेंबरमध्ये केळी साधारण १६ ते १८ अंशांवर इथिलीन वायू देऊन पिकवतात, तर ते चेंबर बंद पडल्यावर कोणाला फोन जातो? २०१६ साली जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा अर्ज लिहिणारा माणूस काय शिकलेला असतो? तास संपला तेव्हा फळ्यावर सदतीस कामे होती आणि घड कुठे काढला होता ते दिसेनासे झाले होते. पुढच्या तासाला येणाऱ्या सरांना फळा पुसू नका म्हणून विनंती करावी लागली.

त्या सदतिसांतले एक काम पाहायला आम्ही जळगावजवळच्या एका टिश्यू कल्चर प्रयोगशाळेत गेलो. चपला बाहेर काढून, डोक्याला टोप्या घालून मुले काचेच्या भिंतीला नाक लावून उभी राहिली. आत बायका ओळीने बसल्या होत्या आणि प्रत्येकीच्या समोर गाळलेली हवा बाहेर सोडणारे एक उघडे कपाट होते. एका हातात चिमटा, दुसऱ्या हातात पाते. बाटलीतून हिरवा गुच्छ काढायचा, त्याचे बारीक भाग करायचे, एकेक भाग नव्या बाटलीतल्या थिजलेल्या खाद्यावर खोचायचा आणि झाकण लावायचे. हे खाद्य समुद्री शेवाळापासून काढलेले अगर, साखर, क्षार आणि वाढीची संप्रेरके मिसळून करतात, हे तिथल्या पर्यवेक्षक ताईंनी समजावून सांगितले. शेजारच्या खोलीत मांडण्यांवर अशा हजारो बाटल्या ट्यूबलाइटच्या उजेडात ठेवलेल्या होत्या. ज्या मुलांना मृगबाग आणि कांदेबाग या केळी लागवडीच्या दोन हंगामांतला फरक झोपेतही सांगता येतो, त्यांनी बोटाएवढे रोप पाहून विचारले, "मॅडम, हे केळच आहे का हो?"

त्या दिवशीचा सर्वांत चांगला प्रश्न मात्र एका मुलीने विचारला. तिच्या घरी शेती नाही. आई कापूस वेचायला जाते आणि दिवाळीनंतर रविवारी हीसुद्धा जाते. सगळी मुले तापमान किती, बाटल्या किती असे विचारत असताना ती पर्यवेक्षक ताईंना म्हणाली, "ताई, या सगळ्यांना रोज आहे की महिना?" ताई क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "महिना आहे, बेटा. पीएफ कापतात, सुट्टीही मिळते." शिक्षण किती लागते, हा तिचा पुढचा प्रश्न. बऱ्याच जणी बारावी सायन्स झालेल्या आहेत, काही बी.एस्सी. आहेत आणि त्याहीपेक्षा हात स्थिर लागतो, असे ताईंनी सांगितले. परतीच्या गाडीत ती माझ्या शेजारी येऊन बसली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "मॅडम, आईचा हात एकदम स्थिर आहे. बोंडाचा काटा तिला लागतच नाही. ती फक्त बारावी नाही."

रोज की महिना, हा प्रश्न करिअर मार्गदर्शनाच्या कोणत्याही पुस्तिकेत मला आजवर दिसला नाही. त्या दिवसानंतर आमच्या मुलांच्या प्रश्नावलीत तो पहिला असतो. कामाची ओळख करून देण्याच्या गोष्टी आपण शहरी, पांढरपेशा घरांतली मुले डोळ्यांसमोर ठेवून बोलतो, जणू मुलांनी काम पाहिलेलेच नसते. आमच्या वर्गातल्या अनेक मुलांनी काम पुरेपूर पाहिलेले आहे, केलेलेही आहे. त्यांना एकच काम फार जवळून माहीत आहे आणि त्याच्या एक पायरी वरचे काम कोणते, तिथे जायचे दार कुठे आहे, एवढेच माहीत नाही. अशा मुलाला थेट कलेक्टरच्या खुर्चीचे स्वप्न दाखवणे मला कधीकधी निर्दयपणाचे वाटते, कारण मधल्या पन्नास पायऱ्या आपण गाळलेल्या असतात.

सगळ्यांना गावाबाहेर न्यायलाच हवे असे नाही, माणसालाही वर्गात आणता येते. एका विद्यार्थ्याचे वडील भुसावळला लोको पायलट, म्हणजे रेल्वेचे इंजिन चालवणारे, आहेत. ते आले ते आपली ड्यूटीची बॅग घेऊनच, आणि टेबलावर एकेक वस्तू काढून ठेवत त्यांनी आपला दिवस सांगितला. कॉल रात्री दोनलाही येतो. लॉबीत जाऊन सही करायची, तोंडात नळी धरून फुंकायची, म्हणजे दारूचा अंश नाही हे यंत्र सांगते. इंजिनात बसल्यावर समोरचा प्रत्येक सिग्नल दोघांनीही मोठ्याने म्हणायचा, एकाने पाहिला आणि दुसऱ्याने मान हलवली असे चालत नाही. त्यांनी वर्गातल्या दोन मुलांना खुर्च्यांवर बसवले, मी हिरवी, पिवळी आणि लाल वही दाखवत गेले आणि ती दोघे ओरडत राहिली. दहावीनंतर आयटीआय किंवा अभियांत्रिकी पदविका, मग रेल्वे भरती मंडळाची परीक्षा, त्यानंतर लक्ष आणि प्रतिसाद तपासणारी संगणकावरची वेगळी चाचणी, असा मार्ग त्यांनी फळ्यावर लिहिला. मुलींकडे पाहून त्यांनी सुरेखा यादव यांचे नाव घेतले. साताऱ्याच्या, कराडला विद्युत अभियांत्रिकीची पदविका घेतलेल्या आणि देशातल्या पहिल्या महिला रेल्वेचालक झालेल्या सुरेखाताई सप्टेंबर २०२५ मध्ये निवृत्त झाल्या. मग ते न विचारता म्हणाले, "गेल्या पाच दिवाळ्यांतल्या तीन मी रनिंग रूममध्ये, म्हणजे बाहेरगावच्या आमच्या विश्रांतीच्या खोलीत, काढल्या." त्यांचा मुलगा तिसऱ्या बाकावर मान खाली घालून बसला होता.

शेवटी त्यांनी डोळ्यांची गोष्ट काढली. या कामाला चष्म्याशिवायची स्वच्छ नजर लागते आणि रंग बिनचूक ओळखता यावे लागतात. ज्या मुलाने जूनच्या कागदावर 'रेल्वे ड्रायव्हर' लिहिले होते, त्याने हळूच आपला चष्मा काढून खिशात ठेवला. मला फार वाईट वाटले. पण हे त्याला तेराव्या वर्षी कळले, बाविसाव्या वर्षी वैद्यकीय तपासणीच्या रांगेत कळले नाही. लोको पायलटांनीही ते पाहिले असावे, कारण जाताना त्यांनी त्याला जवळ बोलावून सांगितले की, इंजिन चालवणारे दोन असतात आणि ते चालावे म्हणून मागे शेकडो माणसे राबतात, त्यांतल्या बऱ्याच कामांना चष्मा चालतो. इंजिनांचा शेड बघायला ये, असेही म्हणाले.

सगळे असेच सुरळीत होते असे मात्र नाही. एका औद्योगिक वसाहतीतल्या पाइप कारखान्याने फोनवर होकार दिला होता, सहलीची परवानगी, पालकांच्या सह्या, एसटीची गाडी, सारे सोपस्कार पार पाडून आम्ही ४६ मुलांना घेऊन गेटवर पोहोचलो आणि पहारेकऱ्याने सांगितले की साहेब बाहेरगावी आहेत, आज कोणाला आत सोडायचे नाही. एका जागी अर्धा तास फोनाफोनी झाली. मी अतिशय चिडले होते आणि ते मुलांपासून लपवूही शकले नाही. शेवटी समोरच्या कडुनिंबाखाली सगळ्यांनी डबे उघडले. तीन वाजता पाळी सुटली आणि रिकामे डबे हातात घेऊन कामगार बाहेर पडू लागले, तेव्हा आमच्या दोन मुलींनीच उठून त्यांना गाठले आणि वही पुढे केली. मशीन चालवणाऱ्या एका दादांनी काटकीने मातीत चित्र काढून दाखवले: इकडून पावडर पडते, मधला स्क्रू ती ढकलतो, टप्प्याटप्प्याने उष्णता वाढत जाते, डायमधून, म्हणजे साच्यातून, पाइप बाहेर येतो आणि पाण्याच्या टाकीत थंड होतो. डाय जरा सरकली की पाइपची भिंत एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ होते, म्हणून मधूनमधून तुकडा कापून मोजतात. ते मोजणाऱ्या ताई त्यांच्या मागेच होत्या, त्यांनाही थांबवले. आत गेलो असतो तर मशीनच्या आवाजात मुलांना यातले काही ऐकूही आले नसते. त्या दिवशीच्या वह्या मी जपून ठेवल्या आहेत, आणि आता कोणी गेट उघडले नाही तरी मी पूर्वीइतकी हताश होत नाही.

करिअर मार्गदर्शनाच्या व्याख्यानांविषयी मात्र माझे मत काहीसे कडवट आहे. दहावीच्या निरोप समारंभाआधी कोणी पाहुणे येतात, पडद्यावर भराभर कोर्सची नावे सरकतात, 'स्वप्ने मोठी पाहा' असे तीन वेळा सांगून टाळ्या घेतात आणि निघून जातात. अनेकदा ते कोणत्या तरी क्लासचे प्रतिनिधी असतात, हे शेवटच्या स्लाइडवर कळते. राज्य मंडळाने २०१६ मध्ये दहावीच्या मुलांसाठी कलचाचणी सुरू केली, तो प्रयत्न प्रामाणिक होता. कृषी, वाणिज्य, कला व मानव्यविद्या, ललित कला, आरोग्य विज्ञान, तांत्रिक आणि गणवेशधारी सेवा अशा सात क्षेत्रांपैकी मुलाचा कल कुठे आहे हे त्यात कळायचे. पण जे क्षेत्र मुलाने कधी पाहिलेच नाही, त्याबद्दलची आवड-निवड तो प्रश्नाच्या शब्दांवरूनच ठरवणार. एका मुलाचा कल ललित कला असा आला, तेव्हा त्याचे वडील निकालपत्र घेऊन शाळेत आले आणि मला म्हणाले, "मॅडम, म्हणजे याने काय दुकानांचे बोर्ड रंगवायचे का?" बोर्ड रंगवणे हेही चांगले काम आहे, असे मी म्हणाले, पण त्याने त्यांचे समाधान झाले नाही. त्या वर्षीची सहल आम्ही चाळीसगावला नेली. केकी मूस यांचे घर तिथे रेल्वे स्टेशनजवळच आहे. लंडनला शिकून आलेला हा छायाचित्रकार १९८९ मध्ये वारला, तोवर सुमारे अर्धशतक त्या घराबाहेर क्वचितच पडला आणि टेबलावर मांडलेल्या वस्तूंची त्याने काढलेली छायाचित्रे जगभरातून पारितोषिके घेऊन आली. तो मुलगा एका छायाचित्रासमोरून हलेना. त्यात बर्फाळ प्रदेश दिसतो, तो टेबलावर घरगुती पदार्थांनी कसा उभा केला असेल याचा तो विचार करत होता. वडिलांना मी पुन्हा काही समजावले नाही. मुलगा आता पुण्याला एका स्टुडिओत विक्रीच्या वस्तूंची छायाचित्रे काढतो आणि वडील ती मोबाइलवर गावभर दाखवतात.

आठवीच का, दहावी का नाही, असे मला सहकारी विचारतात. दहावीचा निकाल आणि अकरावीचा प्रवेश यांच्यामध्ये हाताशी काही दिवसच असतात आणि त्या दिवसांत घरी निर्णय होतो तो टक्क्यांवर. ऐंशीच्या पुढे टक्के पडले की सायन्स, हे इथले अलिखित सूत्र आहे. माझ्या एका विद्यार्थ्याला ब्याऐंशी टक्के होते. हात इतका कसबी की शाळेतला पंखा, घंटा, पाण्याची मोटर तोच दुरुस्त करायचा. वडिलांनी दोन एकरांवर कर्ज काढून त्याला बाहेरगावी अकरावी-बारावी आणि प्रवेश परीक्षांच्या क्लासला घातले. दोन वर्षांनी तो परत आला तो बोलेनासाच झाला होता. पुढे त्याने आयटीआयला इलेक्ट्रिशियनचा ट्रेड केला, रेल्वेत अप्रेंटिस झाला आणि आज सोलर पंपांची कामे घेतो, हाताखाली चार मुले आहेत. आयटीआयनंतर पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते आणि पदविकेनंतर इंजिनिअरिंगच्याही, म्हणजे ज्या दारासाठी त्याच्या वडिलांनी कर्ज काढले त्या दाराकडे जाणारी ही दुसरी वाट होती. ती त्या घरात कोणालाच माहीत नव्हती. मला माहीत होती, आणि मी त्याच्या आठवीत ती सांगितली नव्हती.

धोरणाच्या पातळीवर पाहिले तर या गोष्टी नव्या नाहीत. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी संशोधनाची मोठी नोकरी सोडून १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. तिथून निघालेल्या 'आयबीटी' म्हणजे मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख करून देणाऱ्या अभ्यासक्रमात आठवी ते दहावीची मुले आठवड्यातून एक दिवस अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य यांतली खरी कामे करतात. जपानच्या ह्योगो प्रांतात १९९८ पासून माध्यमिक शाळेच्या दुसऱ्या वर्षातली, म्हणजे साधारण आपल्या आठवीची मुले, पाच दिवस शाळेऐवजी परिसरातल्या दुकानांत, शेतांत, दवाखान्यांत, अग्निशमन केंद्रांत जातात. आपल्या २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवीच्या काळात दहा दिवस दप्तराविना स्थानिक सुतार, माळी, कुंभार, कलाकार यांच्याकडे शिकण्याची तरतूद आहे. कागदावर हे वाचून मी हरखले होते. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी दप्तराविना शाळा म्हणजे मैदानावर खेळ आणि रांगोळी स्पर्धा, आणि माहिती ऑनलाइन भरली की काम झाले. शिक्षकांना दोष देण्यात अर्थ नाही. आम्हालाही शाळा, डी.एड. किंवा बी.एड. आणि पुन्हा शाळा एवढेच जग माहीत असते, आणि जे आम्हीच पाहिले नाही ते दाखवायचे कुठून, हा प्रश्न आमच्या प्रशिक्षणांत कोणी काढत नाही.

मागच्या हिवाळ्यात भूमी अभिलेख कार्यालयातली एक तरुण भूकरमापक शाळेत आली. ती माझीच विद्यार्थिनी नव्हे, शेजारच्या तालुक्यातली आहे. दहावीनंतर आयटीआयला सर्व्हेअरचा ट्रेड करून ती या पदावर लागली. तिने मैदानावर रोव्हर उभा केला. पांढरी काठी, वर छत्रीसारखा गोल भाग आणि हातात एक पडदा. उपग्रहांकडून जागेचे अक्षांश-रेखांश घेऊन तो काही सेंटिमीटरपर्यंत अचूक सांगतो. गावठाणाची ड्रोनने मोजणी झाली तेव्हा चुन्याने आखलेल्या खुणा कशासाठी होत्या, हे मुलांना त्या दिवशी कळले. मोजणीच्या वेळी भावाभावांची भांडणे कशी होतात, शेतात एकटी मुलगी मोजणीला आली की लोक आधी 'साहेब कुठे आहेत' असे कसे विचारतात, हेही तिने सांगितले. "रोज की महिना?" मागून प्रश्न आला. "महिना," ती हसून म्हणाली, "पण ऊन रोजचं."

मुलांनी पाळीपाळीने मैदानाचे चार कोपरे मोजले. सगळ्यांचे झाल्यावर मी तिला म्हणाले की मलाही एकदा धरू दे. मी सवयीने डोळा बारीक करून काहीतरी शोधत होते, तेव्हा तिने माझ्या हातातली काठी सरळ केली आणि काठीवरच्या लहान गोल काचेकडे बोट दाखवले. "बाई, बघायचं काही नसतं यातून. फक्त हा बुडबुडा मधोमध आणा आणि हलू नका."